सर्पगंधा, खाजकुइली आणि आबांचा डावा हात

आबांच्या डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासायला लागला, तेव्हा घरात कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. चिमटीत तंबाखू चोळावी तशी ती हालचाल होती, आणि आबांनी आयुष्यभर तंबाखू चोळलेली होती. ती सोडून सहा वर्षं झाली तरी हाताची सवय गेली नाही, असं सगळे हसून म्हणायचे. पुढे चालताना तो हात हलेनासा झाला, पाऊल घासत पडू लागलं, आणि ओट्यावरून उठायला दोन-तीन हिसके द्यावे लागू लागले, तेव्हा हसणं थांबलं. "मना हात मनं ऐकस नही," असं आबा एकदा फोनवर म्हणाले. साक्री तालुक्यातल्या आमच्या गावी सगळे अहिराणीच बोलतात. मी पुण्यात संगणकावर बसून ते ऐकलं आणि 'वय झालंय' असं मनाशी म्हणून पुढच्या मीटिंगला लागलो.

नंतरच्या काही महिन्यांत आबांच्या पोटात दोन गोष्टी गेल्या. एक गोळी होती, एक चूर्ण होतं. त्या दोन्हींचा इतिहास मी नंतर वाचला, आणि तो वाचताना लक्षात आलं की हालचालींच्या आजारांबद्दल आज जे काही ठामपणे माहीत आहे, त्यातला मोठा भाग अशाच दोन गोष्टींमुळे कळलेला आहे. एक वनस्पती मेंदूतून काहीतरी काढून घेते. दुसरी तेच परत देते. दोन्ही आपल्याकडे उगवतात. पहिलीचा रस्ता मुंबईच्या केईएम रुग्णालयातून जातो. दुसरी आमच्या गावच्या कुंपणावर आहे, आणि लहानपणी तिला हात लावल्याबद्दल मी मारही खाल्ला आहे.

* * *

आजाराचं नाव जुनं आहे. लंडनच्या हॉक्स्टन भागात राहणाऱ्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ साली 'शेकिंग पाल्सी'वर एक छोटा निबंध लिहिला. त्यात अवघ्या सहा रुग्णांचं वर्णन आहे, आणि त्यांतले काही तर त्याने रस्त्यात चालतानाच पाहिलेले होते. पुढे पॅरिसच्या शार्कोने या आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं. वर्णन इतकं नेमकं होतं की आजही डॉक्टर तेच बघतात: स्थिर असताना होणारा कंप, पुढे झुकलेलं शरीर, आणि चालता चालता नकळत धावू लागणं. पण बिघाड नेमका कुठे आहे, हे पार्किन्सनला माहीत नव्हतं. त्याचा अंदाज मानेतल्या मज्जारज्जूच्या वरच्या भागाकडे होता, आणि तो चुकला.

खरी जागा सापडायला शंभर वर्षं गेली. मोठ्या मेंदूच्या खाली, खोल आत, करड्या पेशींचे काही पुंजके आहेत. कॉडेट, प्युटॅमेन, ग्लोबस पॅलिडस, सबथॅलॅमिक न्यूक्लियस आणि सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे शब्दशः 'काळा पदार्थ'. या सगळ्यांना मिळून बेसल गँग्लिया म्हणतात. १९१२ साली किनिअर विल्सनने यकृत आणि हालचाल दोन्ही बिघडवणाऱ्या एका आनुवंशिक आजाराचं वर्णन केलं आणि त्यातली इजा प्युटॅमेनच्या परिसरात दाखवली. त्या आजारात तिथे तांबं साचतं, हे नंतर कळलं. १९१९ साली पॅरिसमध्ये त्रेतियाकॉफ या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात दाखवलं की पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत तो काळा पदार्थ फिका पडलेला असतो, कारण तिथल्या रंगद्रव्य असलेल्या पेशी मेलेल्या असतात.

म्हणजे जागा कळली. पण त्या जागेचं काम काय, आणि पेशी मेल्यावर नेमकं काय कमी पडतं, हे पुढची चाळीस वर्षं कुणाला सांगता आलं नाही. त्यामुळे उपचारही हाती लागत नव्हता.

बेसल गँग्लियाचं काम समजून घ्यायला मला संगणकातल्या उपमा सुचल्या होत्या, पण आबांना समजावून सांगताना त्या उपयोगी पडल्या नाहीत. उपयोगी पडली ती पांझरेच्या काठची फड पद्धत. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, आणि चाऱ्यांवर फड. ही व्यवस्था धुळे जिल्ह्यात शेकडो वर्षं चालत आलेली आहे. तिचा मुख्य नियम असा की शेतकऱ्याने स्वतः पाणी वळवायचं नाही. पाणी पाटकरी सोडतो. ज्याची पाळी असेल त्याची चारी उघडायची, बाकीच्या बंद ठेवायच्या. आबांचे वडील पाटकरी होते, त्यामुळे हे आबांना मला सांगावं लागलं नाही, उलट त्यांनीच मला समजावलं.

मेंदूतही साधारण असंच आहे. हात उचलायचा, पाऊल टाकायचं, मान वळवायची, अशा कितीतरी हालचालींची मागणी मोठा मेंदू एकाच वेळी करत असतो. बेसल गँग्लियामधून बाहेर जाणाऱ्या पेशी सतत 'थांब' असा संदेश पाठवत असतात, म्हणजे सगळी दारं आधीपासूनच बंद. हवी असलेली हालचाल होते, कारण तेवढ्या एका दारावरचा दाब क्षणभर सैल होतो. हे सैल करण्याचं काम एका वाटेने होतं आणि बाकीची दारं घट्ट ठेवण्याचं काम दुसऱ्या वाटेने. ही दोन वाटांची मांडणी १९८९-९०च्या सुमारास ॲल्बिन, यंग, पेनी आणि डीलाँग या अमेरिकी संशोधकांनी नीट सूत्रबद्ध केली. काळ्या पदार्थातून येणारं डोपामीन पहिल्या वाटेला जोर देतं आणि दुसरीला आवरतं. डोपामीन आटलं की पाटकऱ्याच्या हातून दारच उघडत नाही. आबांना ओट्यावरून उठायचं होतं, पायांत ताकदही होती, फक्त पाण्याची पाळी येत नव्हती.

उलट बिघाडही होतो. हंटिंग्टनच्या आजारात दारं घट्ट ठेवणारी वाट आधी ढासळते आणि नको त्या हालचाली नाचल्यासारख्या सुटत राहतात. सबथॅलॅमिक न्यूक्लियसला लहानसा झटका आला तर माणसाचा एका बाजूचा हात दगड भिरकावावा तसा आपोआप फेकला जातो. म्हणजे एकाच यंत्रणेच्या वेगवेगळ्या जागी दोष निर्माण झाला, तर कुठे माणूस गोठतो, कुठे थांबत नाही. कंप मात्र या पाटाच्या उपमेत नीट बसत नाही. त्यात लहान मेंदूची साखळीही गुंतलेली असते. आबांनी हे लगेच ओळखलं. "मंग पानी हालतं काबर?" असं त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे पाटाच्या भाषेत उत्तर नव्हतं.

* * *

डोपामीनचा शोध कसा लागला, ही गोष्ट भारतातून सुरू होते.

सर्पगंधा हे हातभर वाढणारं झुडूप आहे. सह्याद्रीत, कोकणात आणि हिमालयाच्या पायथ्याशी ते आढळतं. याचं शास्त्रीय नाव राउवोल्फिया सर्पेंटिना. सोळाव्या शतकातल्या राउवोल्फ या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ ते ठेवलेलं आहे, आणि त्या वैद्याने हे झाड कधी पाहिलेलं नव्हतं. आपल्याकडे मात्र त्याचं मूळ सर्पदंशावर, झोपेसाठी आणि वेडावर दिलं जायचं. बिहारमध्ये ते 'पागल की दवा' म्हणूनच विकलं जाई. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर त्याचा उपयोग होतो असं लिहिलं. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी त्यातली काही अल्कलॉइड्स वेगळी केली आणि हकीम अजमल खान यांच्यावरून एकाचं नाव अजमलीन ठेवलं.

तरी हे सगळं भारतातच राहिलं. ते जगापुढे गेलं मुंबईतून. केईएममध्ये काम करणारे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी काही वर्षं आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन नोंदी ठेवल्या, आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्या छापल्या. रक्तदाबावर तेव्हा धड औषध नव्हतं. वकिलांचा लेख वाचून बोस्टनमध्ये, बाझेलमध्ये लोक कामाला लागले. १९५२ साली बाझेलच्या सीबा कंपनीतल्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळातला मुख्य घटक वेगळा केला. तो रेसर्पीन. १९५४ साली न्यू यॉर्कजवळच्या रॉकलंड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं. १९५७ साली वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. आज मुंबईत त्यांचं नाव वैद्यकीय विद्यार्थ्यांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

पण रेसर्पीनच्या पाठोपाठ एक विचित्र गोष्ट दिसू लागली. काही रुग्णांचा रक्तदाब उतरत होता, मन शांत होत होतं, आणि त्याच वेळी त्यांचे चेहरे निर्विकार होत होते. अंग ताठत होतं, हात कापत होते. ते पार्किन्सनच्या रुग्णांसारखे दिसू लागले होते. गोळी थांबवली की हे बहुतेक वेळा ओसरायचं.

एखादं औषध निरोगी मेंदूत हुबेहूब एक आजार उभा करतं आणि थांबवल्यावर तो जातो, म्हणजे त्या औषधाने जे काढून घेतलं, तेच त्या आजारात नैसर्गिकरीत्या कमी होत असणार. हे वाक्य आज सोपं वाटतं. तेव्हा ते तपासायला एका माणसाची गरज होती. अर्विद कार्लसन हे स्वीडनमधल्या लुंडचे औषधशास्त्रज्ञ. १९५५-५६मध्ये ते अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत काही महिने होते. रेसर्पीन दिल्यावर मेंदूतलं सेरोटोनिन रिकामं होतं, असं ब्रॉडींच्या गटाने दाखवलं होतं. कार्लसन परत गेले आणि त्यांनी विचारलं, फक्त सेरोटोनिनच का?

त्यांचा प्रयोग वर्णन करायला दोन ओळी पुरतात. सशांना रेसर्पीन दिलं. ससे गलितगात्र झाले, कान लोंबले, हालचाल थांबली. मग त्यांतल्या काहींना सेरोटोनिनचा कच्चा माल टोचला, तर काही फरक पडला नाही. दुसऱ्यांना डोपा नावाचं अमिनो आम्ल टोचलं, तर पंधरा-वीस मिनिटांत ससे कान टवकारून हिंडू लागले. १९५७च्या नोव्हेंबरमध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं. डोपापासून शरीरात आधी डोपामीन आणि त्यातून नॉरॲड्रिनलिन तयार होतं. शुद्धीवर आलेल्या सशांच्या मेंदूत नॉरॲड्रिनलिन वाढलेलं नव्हतं. वाढलं होतं ते डोपामीन, ज्याला तोवर सगळे केवळ वाटेतलं एक रसायन समजत होते. पुढच्याच वर्षी कार्लसन यांच्या गटाने मेंदूत डोपामीन असतं हे दाखवलं, आणि १९५९ साली त्यांचेच सहकारी बर्टलर आणि रोसेनग्रेन यांनी ते बहुतांशी बेसल गँग्लियामध्येच एकवटलेलं असतं, हे सिद्ध केलं.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. १९६० साली लंडनच्या एका परिषदेत कार्लसन यांनी आपलं म्हणणं मांडलं, तेव्हा हेन्री डेल यांच्यासारख्या दिग्गजांनी ते मान्य केलं नाही. पण त्याच वर्षी व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच आणि हर्बर्ट एरिंगर या दोघांनी निर्णायक काम केलं. त्यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंतला बेसल गँग्लियाचा भाग घेतला आणि त्यावर डोपामीन असेल तर गुलाबी होणारी रासायनिक चाचणी केली. निरोगी माणसाच्या नमुन्यात गुलाबी रंग आला. पार्किन्सनच्या रुग्णाच्या नमुन्यात जवळजवळ काहीच आला नाही. उपकरणात घालण्याआधीच, नुसत्या डोळ्यांनी फरक दिसला, असं हॉर्निकिएविच नंतर सांगत.

१९६१ साली व्हिएन्नातच बिर्कमायर यांनी रुग्णांना शिरेतून एल-डोपा टोचलं. अंथरुणावरून उठू न शकणारे लोक उठून बसले, चालू लागले, काही तासांपुरते. तोंडाने देण्याजोगा उपचार व्हायला १९६७ साल उजाडलं. अमेरिकेत ब्रुकहेवनला जॉर्ज कोट्झियास यांनी मात्रा अगदी हळूहळू वाढवत ग्रॅमच्या मापात नेली, तेव्हा कुठे मळमळ आवाक्यात राहून परिणाम टिकला. गंमत म्हणजे त्यांचा मूळ तर्क चुकीचा होता. काळ्या पदार्थाचं हरवलेलं रंगद्रव्य डोपाने परत येईल, असं त्यांना वाटत होतं. पुढे कार्बिडोपा हे जोडऔषध आलं. ते एल-डोपाला मेंदूबाहेर खर्च होऊ देत नाही, त्यामुळे मात्रा चार-पाच पटींनी कमी झाली आणि मळमळही. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. हॉर्निकिएविच यांना मिळालं नाही.

मुंबईतल्या रक्तदाबाच्या रुग्णांपासून ते स्टॉकहोमपर्यंतच्या या वाटेत मधला दुवा होता एक दुष्परिणाम. सर्पगंधेने लोकांना आजारी केलं नसतं, तर त्या आजाराचं औषध सापडायला आणखी किती काळ लागला असता, सांगता येत नाही.

* * *

आता दुसरी वनस्पती. खाजकुइली. संस्कृतात कपिकच्छू, बाजारात कवचबीज. शेंगेवर सोनेरी लव असते, आणि ती अंगाला लागली की माणूस नाचतो. शाळेत ज्याच्यावर राग असेल त्याच्या बाकावर ती टाकायची, हा आमच्याकडचा जुना उद्योग. त्या लवेतलं एक प्रथिन कातडीवर काम करतं, त्याचा बियांशी संबंध नाही. बिया काळ्या, चकचकीत असतात. आयुर्वेदाने त्यांना मुख्यतः वाजीकरणात आणि वातविकारांत स्थान दिलेलं आहे.

१९३७ साली मद्रास विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांमधून एल-डोपा वेगळं केलं आणि 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये छापलं. त्याचा काय उपयोग, हा प्रश्नच तेव्हा नव्हता. त्याआधी १९१३ साली गुगेनहाइम या स्विस रसायनशास्त्रज्ञाने युरोपातल्या एका घेवड्यातून तेच काढलं होतं, स्वतः अडीच ग्रॅम खाऊन पाहिलं होतं, आणि त्यांना जोरदार उलट्या झाल्या होत्या. पार्किन्सनवरचं औषध मद्रासमध्ये बाटलीत भरलेलं होतं, आणि पुढची वीस वर्षं ते कशाचं औषध आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणूनच 'आपल्या पूर्वजांना हे हजारो वर्षांपूर्वी माहीत होतं' असा निरोप गावच्या ग्रुपवर येतो, तेव्हा मला त्यातली अर्धी गोष्ट पटते. कंप, वेपथु हे शब्द जुन्या ग्रंथांत आहेत. खाजकुइली वातावर दिली जायची, आणि तिच्यामुळे काही कापणाऱ्या माणसांना बरं वाटलं असणार, कारण त्यात खरोखर एल-डोपा आहे. पण त्या वर्णनातला प्रत्येक कंप म्हणजे पार्किन्सन नव्हे. आणि बीमध्ये काय आहे, ते मेंदूत कुठे जातं, किती लागतं, हे त्यांना माहीत असण्याचा मार्ग नव्हता. सशांच्या त्या प्रयोगानंतरच खाजकुइलीकडे नव्याने पाहता आलं.

ते पाहण्याचं काम पुन्हा मुंबईत झालं. १९७८ साली अशोक वैद्य, नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांना बियांचं चूर्ण देऊन निष्कर्ष 'न्यूरॉलॉजी इंडिया'त छापले. मुंबईच्या झंडू कंपनीने बियांपासून एचपी-२०० नावाचं प्रमाणित चूर्ण केलं, आणि १९९५ साली साठ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली. त्यात तीस ग्रॅम चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर, सरासरी ३५ मिनिटांत सुरू झाला, गोळीला ६९ मिनिटं लागली. २०१७ साली बोलिव्हियात १८ रुग्णांवर काम झालं. हेतू हा की जिथे गोळी परवडत नाही, तिथे भाजलेल्या बियांचं पीठ चालेल का.

म्हणजे खाजकुइली काम करते. पण ती काम करते याचाच अर्थ ती औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते. बियांत एल-डोपाचं प्रमाण साधारण तीन ते सहा टक्के, म्हणजे एकाच चमच्यात एखाद्या वेळी दुप्पट. सोबत कार्बिडोपा नाही, त्यामुळे मळमळ ठरलेली.

* * *

आता आबांच्या पोटात काय गेलं ते सांगतो.

२०२१च्या पावसाळ्यात तापातून उठल्यावर आबांना चक्कर येऊ लागली. एका डॉक्टरांनी सिनारिझिन असलेली गोळी दिली, पंधरा दिवसांसाठी. आबांना बरं वाटलं. मी पुण्यात, जवळ नाही, काहीतरी करावं म्हणून ती चिठ्ठी एका ॲपवर टाकली आणि दर महिन्याला आपोआप गोळ्या घरी पोचतील अशी सोय करून दिली. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. ती सोय जवळजवळ तीन वर्षं चालली. कुणी बंद केली नाही, कारण ती बंद करायला कुणालाच काही करावं लागत नव्हतं.

सिनारिझिन आणि तिचं भावंड फ्लुनारिझिन ही डोपामीनचं काम अडवतात. १९८०च्या दशकात दक्षिण अमेरिकेतून आणि स्पेनमधून याच्या नोंदी यायला लागल्या: म्हातारी माणसं, चक्करेची गोळी, आणि काही महिन्यांनी आलेला पार्किन्सनसारखा आजार. रेसर्पीन डोपामीनचा साठा रिकामा करतं आणि ही गोळी मुख्यतः ते जिथे पोचायचं ती जागा अडवते, तरी बाहेरून दिसणारं चित्र तेच. केईएमच्या काळात जे दिसलं होतं, ते सत्तर वर्षांनी साक्री तालुक्यात आमच्या ओट्यावर दिसत होतं, आणि पुरवठा माझ्या खात्यातून होत होता.

मग नानांनी, म्हणजे माझ्या काकांनी, पिंपळनेरच्या बाजारातून कवचबीजाचं चूर्ण आणलं. आबा रोज दुधातून चमचाभर घेऊ लागले. दोन दिवस बरं वाटलं. पुढे मळमळ सुरू झाली, गुगेनहाइमला झाली होती तशीच. त्यासाठी औषधाच्या एका दुकानातून उलटीची गोळी आणली गेली. ती मेटोक्लोप्रमाइड होती. तीही मेंदूत पोचून डोपामीन अडवते. म्हणजे आबांच्या मेंदूला एका चमच्याने डोपामीनचा कच्चा माल मिळत होता आणि दोन गोळ्या दार लावून बसल्या होत्या. यांत कुणाचा हेतू वाईट नव्हता. प्रत्येकाने समोर दिसलेल्या त्रासावर उपाय केला होता.

शेवटी जळगावला आत्याकडे नेऊन तिथल्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवलं. आबा खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी चालणं पाहिलं, हात मनगटातून फिरवून पाहिला, आणि पहिला प्रश्न विचारला: "घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणली आहेत का?" आत्याने पिशवी ओतली. त्यांनी दोन पट्ट्या बाजूला काढल्या, चूर्णाची पुडी बाजूला काढली, आणि म्हणाले, "आधी हे तिन्ही बंद. नवीन काहीही आत्ता नाही. तीन-चार महिन्यांनी या." मी लांबून आलो होतो, मला चाचण्या, स्कॅन, काहीतरी मोठं हवं होतं. ते मोठं काम नव्हतं. पण कार्लसन यांच्या सशांना तरी आधी काय दिलंय हे लिहून ठेवलेलं होतं. आबांच्या बाबतीत ते पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं.

चार महिन्यांत ताठरपणा बराच कमी झाला. आबा ओट्यावरून एका प्रयत्नात उठू लागले. उजवी बाजू जवळजवळ पूर्ववत झाली. डाव्या हाताचा कंप मात्र राहिला. गोळीमुळे आलेलं सगळं उतरल्यावरही जे उरतं, ते बहुधा आधीपासून हळूहळू सुरू झालेलं असतं, आणि गोळीने ते फक्त लवकर उघडं पाडलेलं असतं, असं डॉक्टरांनी समजावलं. लक्षणं दिसायला लागतात तोवर काळ्या पदार्थातल्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. आता आबांना एल-डोपा आणि कार्बिडोपाची गोळी सुरू आहे, दिवसातून तीनदा, जेवणापासून थोडं अंतर ठेवून, कारण डाळ-दुधातली प्रथिनं तिच्या वाटेत येतात. वेळ चुकली की आबांना कळतं. "पाळी हुकनी," म्हणतात.

किती त्रास माझ्या त्या मासिक सोयीमुळे झाला आणि किती तसाही होणारच होता, हे वेगळं काढता येत नाही. मी डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, आबांची पुढची तारीख लिहून दिली.

ॲपवरची ती नोंद मी त्याच दिवशी बंद केली. आता गावी गेलो की पहिलं काम म्हणजे खुंटीवरची पिशवी खाटेवर ओतणं. आजीच्या गोळ्या, नानांच्या गोळ्या, शेजारच्या काकूही आपल्या आणून देतात. मी डॉक्टर नाही, कुठलीही गोळी बंद करा असं मी सांगत नाही. नाव वाचतो, कधीपासून चालू आहे ते विचारतो, आणि एका वहीत लिहून देतो, पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ठेवायला. मागच्या खेपेला शेजारच्या काकूंच्या पिशवीत चक्करेची तीच गोळी निघाली. किती दिवस झाले, असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तेच विसरनू बाबा. बरं वाटस म्हणीसन घेस." वहीत त्यांच्या नावापुढे तेवढंच लिहिलं आणि त्यांच्या मुलाला फोन लावला.